ओळखीची टिचकी

आठवडी बाजारात इंदुमतीच्या खरबुजांच्या ढिगाशेजारी नवाच विक्रेता बसला होता. तिनं सवयीनं त्याच्या खरबुजावर टिचकी मारली आणि फळ घमघमलं.

तिचा हात तिथेच थबकला. या वाणाची फळं कळीपासून ज्या बोटाच्या टिचक्या खात वाढतात, त्याच टिचकीला वास सोडतात. हे फळ तर ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"कुणी वाढवलं हे?"

"यंत्रानं, ताई. रोज सकाळी वेलावेलाला टिचक्या मारतं. कुणा कसलेल्या बाईची टिचकी भरलीय त्यात. तिच्या हातमोज्यातून गुपचूप उतरवून घेतली, असं कंपनीचा माणूस फुशारकीनं सांगत होता."

इंदुमतीनं बोटं मुठीत मिटली. गेल्या थंडीत तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं, मऊ हातमोजे आणले होते. 'दवानं बोटं भेगाळतात तुझी,' म्हणाला होता. लग्नानंतर त्यानं आपणहून आणलेली ती पहिली वस्तू. ती सगळ्या बायकांना दाखवत फिरली होती आणि रोज सकाळी तेच घालून आपल्या वेलांना टिचक्या मारत आली होती.

"इंदू!" मागून दिगंबर धापा टाकत आला. त्याच्या हातात तेच हातमोजे होते. "घरीच विसरलीस की! घाल बघू, गार वारा सुटलाय."