सीटवर राहिलेलं स्वप्न

नव्या उपनगरी गाड्यांमध्ये उतरून गेलेल्या प्रवाशाचं स्वप्न सीटवर थोडा वेळ तसंच राहायचं. दुपारच्या गाडीतून हर्षाली उतरली की निवृत्त नर्स मालन गुरव तिच्याच जागेवर बसायच्या. डोळा लागला की खाडीकाठच्या ओट्यावर मासे निवडता निवडता लेकीला जेवायला हाक मारणारी एक बाई त्यांना दिसायची. काल मात्र ओटा रिकामा होता. म्हणून आज मालनबाईंनी हर्षालीला फलाटावरच थांबवलं.

“आई बरी आहे ना गं?”

“महिना झाला जाऊन. आता स्वप्नातही येत नाही. तिचा आवाजच आठवेनासा झालाय, मावशी.”

मालनबाईंनी आपली गाडी जाऊ दिली. हर्षालीला बाकावर बसवून डोळे मिटायला सांगितलं आणि स्वप्नात ऐकलेल्या सुरात हळूच म्हणाल्या, “ये गो बाय, भात निवला.”

हर्षालीने मिटल्या डोळ्यांनीच ओ दिली.