नेहमीचा पंखा

आमच्या सहा वर्षांच्या भिंगरीच्या मेंदूत जन्मापासूनच एक धमनी भलत्याच शिरेला जाऊन मिळाली होती. डोक्याला स्टेथोस्कोप लावला की डॉक्टरांना तिथलं रक्त घोंघावताना ऐकू यायचं. आज त्यांनी मांडीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेली आणि ती चोरवाट बुजवून टाकली.

शुद्धीवर येताच भिंगरी कुरकुरली, "बाबा, पंखा कोणी बंद केला?"

मी वर पाहिलं, तिच्या आईनेही पाहिलं. खोलीत पंखाच नव्हता.

"कुठला पंखा गं?"

"नेहमीचा! घरी असतो, शाळेत असतो, मैदानातपण असतो, तो!"

डॉक्टरांनी तिच्या डोक्याला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि मग स्वतःचे दोन्ही कान पकडले.

"मी केला गं बाई! आणि आता तो पुन्हा चालू होणे नाही."