वीस मिनिटांवर

विमान उत्तर ध्रुवाकडच्या सानिराजाक गावाच्या धावपट्टीवर टेकलं, तरी उलायुक जागची हलली नाही. मांडीवर तिची नवजात लेक झोपली होती.

इथून पुढचा मुक्काम तिचं गाव, इग्लूलिक. सत्तर किलोमीटर, हवेतली वीस मिनिटं. बाळंतपणासाठी इकालुइतच्या दवाखान्यात जाण्याआधी तिनं मावसबहिणीला, सानिराजाकच्या पानिकपाकला, शब्द दिला होता: हे तिसरं मूल तुझं. पानिकपाकची कूस उजवली नव्हती. नात्यात मूल देणं त्यांच्यात नवीन नव्हतं. उलायुकची आजीही अशीच दिलेली. "वीस मिनिटांवर तर आहे," असं तेव्हा सगळेच म्हणाले.

पण दवाखान्याची ही फेरी सरकारी खर्चानं; एरवी विमानाचं तिकीट कुणाला परवडतंय? आणि गोठलेल्या समुद्रावरून जायचं तर अख्खा दिवस मोडतो. लेकीला पहिल्यांदा पाजलं तेव्हाच उलायुकचं मन फिरलं. मूल नाही, निदान नाव तरी देऊ, असं तिनं ठरवलं. त्याच हिवाळ्यात पानिकपाकची आई गेली होती. लेकीला तिनं त्या मावशीचं नाव ठेवलं. एवढ्यानं शब्दाचं ओझं उतरेल, असं तिला वाटलं.

विमानतळावर काम करणारा जूटा दारातून आत डोकावला.

"अगं, उतर की! तुझी ताई सकाळपासून येऊन बसलीय. माझा सगळा चहा संपवला तिनं."

"तिला सांग, मी उतरत नाहीये."

जूटाचं हसू मावळलं. तो खाली गेला.

जरा वेळानं पानिकपाक स्वतःच शिडी चढून आली. अंगात नवाकोरा अंगरखा, त्यालाच पाठीशी शिवलेली, बाळ ठेवायची मोठी टोपी. तिनं उलायुकचा चेहरा पाहिला, बाळाभोवती आवळलेले हात पाहिले. काय ते समजली.

"तू बरी आहेस ना?"

"हो, ताई."

"मग झालं तर." ती वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. "नाव काय ठेवलंस?"

"आर्नात्सिआक."

पानिकपाक मटकन समोरच्या खुर्चीत बसली. ज्याचं नाव ठेवावं ते माणूसच परत येतं, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. तिनं गारठलेला हात काखेत धरून ऊबदार केला, मग हलकेच बाळाच्या कपाळावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "आलीस होय? आता जेवतेस ना? शेवटी शेवटी घासभरही खात नव्हतीस गं."

उलायुकला हुंदका आवरेना. "पोटभर पिते, ताई."

"मग बरं." पानिकपाकनं डोळे पुसले आणि उठली. "जप तिला. जमेल तेव्हा येईन भेटायला."

खालून जूटानं हाक दिली, दार लावायची वेळ झाली होती. पानिकपाक शिडीच्या पहिल्या पायरीवर पोचली, तेव्हा बाळाला पुढे धरून उलायुक तिच्यामागे दारात आली.

"ताई, थांब. तुझी आई आहे ती. माझ्याकडे पाहुणी म्हणून किती दिवस ठेवू?"