बर्फाचा दोष

"दोष तुमच्या बर्फाचा नाही," डॉक्टर म्हणाले.

हे शब्द ऐकायला कल्पिता आठवडाभर तडफडत होती. नवऱ्याचं, निकेतचं, रक्त वाढावं म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन. थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. काशीदला वीज असून नसल्यासारखी, म्हणून तिने तीन महिन्यांचा साठा मासळीच्या पेटीत, बर्फात पुरला. सुरमई टिकते, तर औषध का टिकणार नाही? रक्त काही वाढेना, म्हणून घरी आलेल्या नर्सबाईंनी पेटी पाहून कपाळावर हात मारला. तेव्हापासून सासू, सखुबाई, एकच घोकत होती: माझ्या पोराचं औषध नासवलंस.

"नासलं असतं तर रक्तात सापडलं नसतं. मुंबईच्या तपासणीत ते भरपूर सापडलंय," डॉक्टर म्हणाले. "औषधाला धरून घेणारे रिसेप्टर असतात, पेशीच्या अंगावर. निकेतच्या रक्तात ते पेशी सोडून सुटे फिरताहेत, खंडीभर. औषध गेलं की तेच त्याला पकडतात. हाडात रक्त बनवणाऱ्या पेशींपर्यंत काही पोचतच नाही."

कल्पिताने थोडा विचार केला. "खुंट सोडून वाहवलेल्या जाल्यागत? मासली धरतं, पन कोनाच्या होडीत येत न्हाय."

"अगदी तसंच."

"मंग डोस वाढवा की, सायेब."

"तिप्पट करून झाला."

"दुसरं औषध?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "बाहेरचं रक्त चढवत राहू. जितके दिवस साथ देईल तितके."

कल्पिताने टेबलाची कड घट्ट धरली. "पुन्ना बघा ना, सायेब. बर्फानंच झालं असंल. मीच नासवलं असंल."

स्वतःवर आळ घ्यायला एवढी धडपडणारी बाई डॉक्टरांनी पाहिली नसावी. चूक तिची असती तर सुधारता आली असती. तेवढीच एक आशा होती, तीही आता गेली.

बाहेर बाकावर निकेत भिंतीला टेकून बसला होता. ओठ पांढरेफटक. सखुबाई ताडकन उठली.

"काय बोललं डॉक्टर? कोनाची चूक?"

कल्पिताने नवऱ्याकडे पाहिलं.

"माझी. औषध गोठलं, म्हनून लागू पडलं न्हाय. आता नवीन देनार हायेत."

सखुबाईने तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. कल्पिता खाली मान घालून ऐकत राहिली. म्हातारीच्या आवाजाला किती दिवसांनी जोर आला होता.

आणि निकेत चक्क हसला. "जाऊ दे ना, आई. औषध खराब होतं, मी न्हाय!" मग कल्पिताकडे वळून म्हणाला, "नारली पुनवेला होडी मीच काढनार, बघ."

"काढा की," कल्पिता म्हणाली.