पट्टी सोडू नकोस

टेपमध्ये ऋजुता गात होती. केळुस्करमास्तरांची ही एकुलती मुलगी जाऊन दोन वर्षं झाली होती. अंतऱ्याला ती हमखास घसरायची. मग पेटीवरून हात उचलून मास्तर ओरडायचे, "पट्टी सोडू नकोस!" आणि ती खदाखदा हसायची.

आज अंतरा आला, पण ती घसरली नाही.

"ही आपली ऋजू नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, तीच आहे. आत्ता घसरली की!" नलिनीबाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात कानामागच्या व्रणाकडे गेला. ऐकू येईनासं झालं म्हणून गेल्या महिन्यात तिथे यंत्र बसवलं होतं. ते गाण्याची पट्टी ओळखायचं आणि बेसूर स्वर मेंदूत पोचायच्या आत जागेवर आणायचं. "ही सुराची सोय एकदा घेतली की काढता येत नाही," असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं. चाळीस वर्षं पोरांच्या बेसुराला विटलेल्या मास्तरांनी तिन्ही वेळा हो म्हटलं होतं.

"तू गा," ते बायकोला म्हणाले. "ती चुकायची ना, अगदी तशी."

नलिनीबाई गायल्या. अंतऱ्याला त्यांनी लेकीसारखाच आवाज पाडला.

मास्तरांना तो काळी चारच्या पट्टीत चोख ऐकू आला.

"पुन्हा," ते म्हणाले. "पुन्हा गा."

तिसऱ्या खेपेला गाता गाता नलिनीबाईंना हुंदका फुटला. तोही सुरातच होता.