शेकड्याचा चार

"चार नाहीये, काका."

धावफलकाच्या मागच्या खोलीत ती रिकाम्या खणात हात घालून उभी होती. बाहेर आपल्या संघाच्या तीनशे एक्क्याण्णव धावा झाल्या होत्या. शेकड्याचा तीन बाहेर टांगलेला होता, एक आणि दोन खणात होते, आणि तीनच्या पुढचा आकडा कुणी बनवलाच नव्हता. बनवणार तरी कशाला? एकतीस वर्षांच्या कसोटी क्रिकेटमध्ये आपल्या संघानं चारशेचं तोंडच पाहिलं नव्हतं.

दशकाचा चार लावावा, तर तो लहान. शेकड्याचा आकडा लांबून दिसावा म्हणून मुद्दाम हातभर मोठा केलेला असे. लहान पत्रा त्या चौकटीतून थेट खाली प्रेक्षकांच्या डोक्यावर पडला असता. पाहुण्यांच्या खणात मात्र शेकड्याचे एक ते नऊ असे सगळे पत्रे होते. फक्त पाहुण्यांचे आकडे लाल आणि आपले पांढरे.

"लाव पाहुण्यांचा," काका बाकावरून न हलता म्हणाले. तिच्याआधी वीस वर्षं हा फलक त्यांनीच सांभाळला होता, त्यामुळे सल्ले फुकट मिळत. "चार तो चार. लाल काय नि पांढरा काय."

"एकतीस वर्षांनी चारशे होतायत, आणि ते उसन्या आकड्यावर मिरवायचे?"

"मग तुझ्या बापाला विचार. त्यानंच आपल्या बाजूला शेकड्याचा नुसता एकचा आकडा करून ठेवला होता. दोन नि तीन नंतर बाजारातून आणले. दादाला ठाऊक होतं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

हा टोमणा तिला नवा नव्हता, पण दर वेळी तेवढाच लागायचा. तिचे वडील रंगारी. हा फलक त्यांनी रंगवला, आणि पहिल्या कसोटीनंतर तीन वर्षांत ते गेले. क्रिकेट मंडळानं छापलेल्या संघाच्या इतिहासात पहिल्याच पानावर त्यांच्या फलकाचा त्या पहिल्या कसोटीतला फोटो आहे: सर्व बाद सेहेचाळीस, शेकड्याची चौकट रिकामी. त्या दिवसाची तारीख देशातलं शेंबडं पोरही सांगेल. आपल्या संघावर भरवसा नसलेला माणूस म्हणून आपला बाप लक्षात राहिला, याचं तिला फार वाईट वाटायचं.

बाहेर टाळ्या झाल्या. तीनशे पंच्याण्णव. तिनं पाच लावला आणि कोपऱ्यातला पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

"काका, उठा. मला कोरा पत्रा हवाय, बाकाचा काढते."

"अगं, दादानं स्वतः ठोकलाय तो बाक!"

"बाबांचा आहे म्हणूनच काढते. निदान एक चार तरी त्यांच्या पत्र्यावर होऊ दे. उठा!"

काका कुरकुरत उठले. तिनं बाकावरचं गोणपाट ओढलं, हातोडीच्या मागच्या टोकानं खिळे उपटले आणि पहिला पत्रा उलटा केला. तो कोरा नव्हता. काळ्या रंगावर ठसठशीत पांढरा सात होता, आणि वरच्या कडेला टांगायची दोन भोकं.

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "हा तर दादाचा हात," ते म्हणाले.

बाहेर पुन्हा आरडाओरडा. तीनशे नव्व्याण्णव. ती धावत जाऊन नऊ लावून आली. क्रीजवर टपाल खात्यातला तो जाडा गोलंदाज होता, चेंडू नुसता अडवत बसणारा. एरवी ती त्याला मनसोक्त शिव्या द्यायची. आज फटीतून बघत म्हणाली, "अडव रे बाबा. दोन मिनिटं नुसता अडव."

दुसरा पत्रा निघाला, तो दोन. तिसरा नऊ. आता काकाही गुडघ्यांवर बसून खिळे उपटत होते. त्यांची रोजची गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली होती. पाचवा पत्रा त्यांनी उलटवला आणि तिच्या हातात दिला.

चार.

त्याच वेळी बाहेर बॅटचा आवाज झाला आणि मैदान गरजलं. ती शिडी चढली. तीन उतरवला, चार टांगला. चौकटीत तो असा चपखल बसला, की तिनं धक्का देऊन पाहिलं तरी हलला नाही. मग दोन शून्यं लावली. सगळं मैदान उभं राहिलं होतं. जाड्या गोलंदाजानं हेल्मेट काढलं आणि फलकाकडे तोंड करून बॅट उंचावली. मान एवढी ताठ ठेवून ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते वाहू दिलं.

ती खाली उतरली, तेव्हा काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. बाकाचा नुसता सांगाडा उरला होता. समोर दोनापासून नऊपर्यंतचे आकडे ओळीनं लावलेले, मधली चाराची जागा तेवढी मोकळी. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात, रंगारी घालतो तशी, बारीक अक्षरात तारीख होती.

"मला वाटलं, पहिल्या सामन्याच्या आधी उत्साहाच्या भरात रंगवले असतील," काका म्हणाले. त्यांचं बोट त्या तारखेवरून हलत नव्हतं. "वाच, पोरी. सेहेचाळीसात आटपलो ना आपण? त्या संध्याकाळचे आहेत हे."