ओढ्यात सोडलेला रंग

"दगड गुळगुळीत आहेत गं ताई, नुसते लोण्यासारखे," भाऊ तिसऱ्यांदा म्हणाला, आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली. डोंगरउतारावरचा ओढा समोरच होता. म्हशीएवढे धोंडे, त्यांवर आपटून फेसाळणारं पाणी. याला लोणी म्हणायचं, तर खडबडीत कशाला म्हणायचं?

वळणावरचा पूल गेल्या पुरात वाहून गेला होता, आणि त्याच्यासोबत दोन माणसं. पूल भावाने बांधलेला. पाणी कुठवर चढलं याची खूण काठच्या झाडांवर अजून होती; ते किती जोरात धावलं, एवढंच ठरवायचं होतं. दगडांनी पाणी अडवलं नसेल, तर ते सुसाट धावलं, म्हणजे पूर अफाट, भाऊ सुटला. अडवलं असेल, तर पूर नेहमीचाच आणि पूलच ठेंगणा. ताई अशा ओढ्यांची मापं घेण्यात मुरलेली इंजिनिअर. चौकशीत तिचाच शब्द चालणार होता.

"रंग सोडून बघू," ती म्हणाली.

"बघ की! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी खाली उभा राहतो. तू हात खाली आणलास की घड्याळ लावतो, रंग पोचला की हाक मारतो."

भाऊ दगडांवरून उड्या मारत खाली गेला. ताईने उंचावलेला हात झपकन खाली आणून लाल रंगाची बाटली पाण्यात रिकामी केली. थोड्याच वेळात हाक आली, "आला!"

तिच्या पायाशी, धोंड्याआड, रंग अजून गोल गोल फिरत होता.

"अरे, इथला तर अजून निघालाच नाही!" ती ओरडली.

"मधलं पाणी पुढे पळतं, कडेचं रेंगाळतं! तूच शिकवलंस ना?"

तेही खरंच होतं. सख्ख्या भावावर संशय! ताईला स्वतःचीच लाज वाटली. पण मेलं मन काही गप्प बसेना.

"पुन्हा एकदा करू!"

"कर बाई, होऊ दे तुझं समाधान!"

तिने दुसरी बाटली काढली. भावाला दिसावी म्हणून हात चांगला उंच केला आणि मघासारखाच झपकन खाली आणला. बूच मात्र तिने काढलं नव्हतं.

घट्ट बंद बाटली छातीशी धरून ती उभी राहिली. पाणी नितळ वाहत होतं. आता याने ओरडून विचारावं, ताई, काहीच कसं येत नाही गं? चिडावं, दोन शिव्या द्याव्यात. काही नाही तर नुसतं गप्प राहावं.

"गप्प राहा रे राजा," ती पुटपुटली.

"आला गं ताई!" खालून आनंदाने हाक आली. "लालभडक!"